सॉरी म्हणायला ठेवलेली माणसं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस एकच विषय पेटलाय. एका सभासदांच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या. नऊवारी, पायात साध्या चपला. सुनेबरोबर इथल्या, म्हणजे ठाण्यातल्या, एका चकचकीत मॉलमध्ये गेल्या, एका महागड्या दुकानात शिरल्या आणि मांडणीवरची पर्स बघायला मागितली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आंटी, ये बहोत महंगा है,’ आणि पर्स काही खाली काढली नाही. झालं. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, या पोरींना माज आलाय, कपडे बघून वागतात, मराठीत बोलायची लाज वाटते. दुसऱ्याचं म्हणणं, मग जांभळी नाक्याच्या जुन्या बाजारात जा ना, तिथले दुकानदार काय ओवाळायला बसलेत? मग ‘आमच्या वेळचा गोखले रोड’ या विषयावर तिघांनी निबंध लिहिले, आणि एकाने त्यात राजकारण आणल्यावर ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं.

दोन्ही बाजू चुकीच्या माणसाशी भांडताहेत असं माझं मत आहे. मॉलमधली सेवा वाईट आहे, हे मला मान्य. पण ती काउंटरवरच्या मुलीच्या स्वभावामुळे वाईट झालेली नाही, आणि तिला आणखी चार दिवस ‘सॉफ्ट स्किल्स’ शिकवून सुधारणारही नाही. जिच्यावर आपण डाफरतो तिच्या हातात ना निर्णय आहे, ना तिच्या बुडाखाली स्टूल. आपण मात्र सेवा म्हणजे अदब असं धरून बसलोय. अदब मॉलमध्ये पोत्याने मिळते. नडलेलं काम मात्र होत नाही.

माझंच सांगतो. लेकीच्या वाढदिवसाला मी अशाच एका मॉलमधून चार हजार दोनशे रुपयांची बॅग घेतली. नवव्या दिवशी चेनचा रनर एका बाजूने निसटला. बिल घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने हसून स्वागत केलं, पाणी विचारलं, बॅग उलटसुलट करून पाहिली आणि स्वतःच म्हणाली की हा दोष शिलाईचा आहे, तुमचा नाही. ‘मग बदलून द्या.’ ‘सॉरी सर, सिस्टीम घेत नाही.’ स्टोअर मॅनेजर आला. तोही सॉरी म्हणाला. एरिया मॅनेजरला मेल जाईल, तिथून क्वालिटीवाल्यांकडे, सात ते दहा वर्किंग डेज. पाऊण तासात मला अकरा वेळा सॉरी ऐकायला मिळालं आणि बॅग होती तशीच राहिली. त्याच आठवड्यात जांभळी नाक्यावर माझ्या जुन्या ऑफिस बॅगेचा रनर बदलून घेतला. दुकानदाराने मोबाइलवरून मान वर केली नाही, ‘काय दगड भरता काय यात?’ असं वर ऐकवलं, आणि पाच मिनिटांत चाळीस रुपयांत काम करून दिलं.

ही गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं, मी जुन्या बाजाराची आरती करतोय. मुळीच नाही. त्या बाजारात बिल मागितलं की ‘पक्कं हवं का कच्चं?’ असा प्रश्न येतो, आणि कच्च्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य दुकानाच्या नावापेक्षा ठळक असतं. भाव माणूस बघून सांगितला जातो. आणि बायकांना विचारा. राम मारुती रोडवर दिवाळीच्या गर्दीत तीन तास खरेदी केल्यावर स्वच्छतागृह शोधणं म्हणजे काय असतं, हे पुरुषांना कधी कळलेलंच नाही. कोरम मॉल २००९ मध्ये आणि विवियाना मॉल २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हा ठाण्यातल्या बायकांनी आधी काय हेरलं असेल तर ते हे. कोणी खेकसत नाही, धक्के बसत नाहीत, काही न घेता तासभर हिंडता येतं, कपडा घालून बघता येतो, किंमत चिठ्ठीवर छापलेली असते. विवियानाने तर अंध ग्राहकांना स्वतःचं स्वतः फिरता यावं म्हणून स्पर्शाने आणि आवाजाने कळणाऱ्या खुणांची सोय केली होती. आपल्या कुठल्या मंडईने हे केलं? न घेता हिंडण्याची ही मुभाही आयती मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बाँ मार्शेसारख्या दुकानांनी ठरावीक किंमत, मुक्त प्रवेश आणि माल परत घेण्याची हमी दिली, तेव्हा दुकानात शिरलं की घेतलंच पाहिजे हा दंडक मोडला. मॉल त्याच घराण्यातला. तेव्हा ‘मॉल वाईट, पेठ चांगली’ हे गणित मला मान्य नाही.

सासूबाईंचा अपमानही मी हलक्यात घेत नाही. आपल्याकडे मॉलचा जन्मच दाराशी माणसं गाळून झालाय. हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडलं, तेव्हा सुरुवातीला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर आत यायला पैसे मोजा, अशी अट होती. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मॉलने धोतर नेसलेल्या शेतकऱ्याला दारात अडवलं. मुलगा बापाला सिनेमा दाखवायला घेऊन आला होता. आता संविधानाचा अनुच्छेद १५(२) बघा. दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला की हा शब्द केवळ आत शिरण्यापुरता घेतलेला नाही. अटी मान्य असतील तर तिथली सेवा मागण्याचा हक्क त्यात येतो. चवदार तळ्याचं पाणी ज्याने लोकांना हक्काने प्यायला लावलं, त्याला दार आणि सेवा यांतला फरक बरोबर ठाऊक होता. कपड्यांचा उल्लेख त्या अनुच्छेदात नाही, हे मला कळतं. पण आपल्या देशात कपडे बघणं म्हणजे पुष्कळदा काय बघणं असतं, हेही सगळ्यांना कळतं.

पण बेंगळुरूला पुढे काय झालं ते लक्षात घ्या. कर्नाटक सरकारने मॉल सात दिवस बंद करायला लावला. शिक्षा मालकाला झाली. दारातला गार्ड कुठल्या तरी एजन्सीचा. धोतरवाला नको हे त्याला कोणी तरी सांगितलं असणार, किंवा कोणी न सांगता त्याने साहेबांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असणार. त्याचा स्वतःचा बापही धोतरच नेसत असेल. आपल्या सोसायटीत गाजलेली ती पर्स न काढणारी मुलगी याहून वेगळी आहे का? तिच्यावर महिन्याचं टार्गेट असतं. दुकानात किती शिरले आणि त्यातल्या किती जणांनी खरेदी केली, हे रोज रात्री मोजलं जातं. ठाणे स्टेशनबाहेरचा रिक्षावाला जवळचं भाडं नाकारतो, तसं ती ‘न घेणारं’ गिऱ्हाईक नाकारते. समर्थन करत नाही मी. रिक्षावाल्याचंही करत नाही. पण तिला नुसतं कामावरून काढल्याने काय होईल? उद्या त्याच टार्गेटखाली दुसरी मुलगी त्याच नजरेने त्याच चपलांकडे बघेल.

ग्रुपवर आलेल्या बाकीच्या तक्रारीही अशाच तपासा. बिल करताना मोबाइल नंबर मागतात. केंद्राच्या ग्राहक विभागाने मे २०२३ मध्ये बजावलं आहे की नंबर देण्याची सक्ती करता येत नाही. पण संगणकात तो रकाना भरल्याशिवाय बिलच पुढे सरकत नसेल तर मुलीने काय करावं? ती दहा वेळा नऊ दाबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पार्किंगचे पैसे घेतात. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. आपल्याकडे मात्र बूमपाशी उभा असलेला कंत्राटदाराचा पोरगा सगळ्यांच्या शिव्या खातो. पिशवीचे पैसे लावतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये सांगितलं की आधी न सांगता काउंटरवर असे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे. आणि माझी बॅग? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. माझ्या बिलावर मुदत लिहिलेली नव्हती. दिवस होता नववा. यातला एक तरी निर्णय समोरच्या मुलीने घेतलाय का? नियम कुठल्या तरी काचेच्या इमारतीत ठरतात आणि त्यांचं तोंड म्हणून बावीस वर्षांची पोर उभी केली जाते. सॉरी म्हणायला.

मग जबाबदार कोण? मॉलच्या हेल्पडेस्कवर गेलो तर उत्तर मिळालं, ‘सर, ते स्टोअर आमचं नाही.’ तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. मॉल जागा भाड्याने देतो. दुकान एखाद्या फ्रँचायझीचं, माल ब्रँडचा, गार्ड एका एजन्सीचा, सफाई दुसरीची, पार्किंग तिसऱ्याचं. पण बहुतेक मॉल नुसतं भाडं घेत नाहीत, दुकानाच्या विक्रीतही वाटा ठेवतात. विक्रीत वाटा असेल तर तक्रारीत का नको? जुन्या पेठांत शेटे-महाजन असत. पेठ वसवायची, दुकानांकडून आपला हक्क घ्यायचा, आणि पेठेत तंटा झाला तर तो निस्तरायलाही पुढे व्हायचं. त्या व्यवस्थेत दोष कमी नव्हते, वतनदारी ती वतनदारीच. पण बाजारावर हक्क सांगणाऱ्याने बाजाराची झळ सोसावी, एवढी अक्कल तिच्यात होती. आजचा मॉल शेट्याचा हक्क तेवढा घेतो. महाजनकी कोणाकडेच नाही.

आता त्या स्टुलाकडे येतो. मॅनेजर फोनवर होता तेव्हा मी काउंटरच्या कडेला उभा होतो, म्हणून मला पलीकडचं दिसलं. मुलीने डावा पाय बुटातून अर्धा बाहेर काढला होता आणि बोटं मिटत-उघडत होती. टाचेला चिकटपट्टी. वरून चेहरा तसाच हसरा. मी मराठीत विचारलं, ‘किती वाजता आलात?’ ती दचकली, मग आवाजच बदलला. ‘दहाला, काका. दिव्याहून साडेआठची लोकल. रात्री साडेनऊला मी सुटते.’ ‘बसायला काही नाही?’ ‘बसलेलं दिसायला नको म्हणतात. डबा खाताना बसते ना.’ डबा कुठे, तर मागच्या जिन्यात. मॉलच्या त्या मागच्या बाजूला एसी नाही, संगमरवर नाही, नुसतं सिमेंट आणि आग विझवायचे लाल पाइप.

इंग्लंडने १८९९ मध्ये यासाठी खास कायदा केला होता: दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे निदान एक बसायची जागा हवी. व्हिक्टोरिया राणी जिवंत होती तेव्हाची गोष्ट! आपल्याकडे केरळात साड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांतल्या बायका यासाठी झगडल्या. कोळिकोडच्या ‘पेणकूट्ट’ या संघटनेने हा प्रश्न लावून धरला, आणि २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. ठाणे असो की नवी मुंबईतलं सीवूड्स, कुठल्याही चकाचक मॉलमध्ये चक्कर मारा आणि काउंटरमागे स्टूल शोधा. ग्राहकांसाठी मऊ सोफे आहेत, बायकोची खरेदी संपेपर्यंत डुलक्या काढणाऱ्या नवऱ्यांसाठी बाकडी आहेत. यावर ग्रुपवर एकाने लिहिलंच: मी पैसे मोजतो, मला कामगारांच्या खुर्चीशी काय देणंघेणं? देणंघेणं असं, की दहा तास उभं राहिलेला माणूस अकराव्या तासाला कोणालाही पर्स काढून दाखवत नाही. नऊवारीला नाही आणि जीन्सलाही नाही.

मराठीवरून जे ओरडतात त्यांनाही एक सांगतो. ‘काका’ म्हटल्यावर ती मुलगी आपणहून बोलायला लागली. ज्या बॅगवर माझी नजर होती तिच्याबद्दल म्हणाली, ‘ती नका घेऊ, तिचं अस्तर पावसाळ्यात पापुद्र्यासारखं सुटतं. कॅनव्हासची टिकते.’ हे तिने ‘हॅलो सर, वेलकम’च्या भाषेत कधीच सांगितलं नसतं. तिला मालातलं कळतं, खोट कुठे आहे ते माहीत आहे. तिने पाठ केलेल्या वाक्यांत त्याला जागा नाही, एवढंच. मराठीचा आग्रह धरायचा तर कंपनीच्या ट्रेनिंगवाल्यांकडे धरा. तिच्यावर मोबाइलचा कॅमेरा रोखून कसली भाषा वाचवताय?

माझ्या मतावर सगळ्यात बिनतोड आक्षेप शेजारच्या दामल्यांनी घेतला (नाव बदललंय, नाहीतर लिफ्टमध्ये भेटायची पंचाईत). मी तेहतीस वर्षं सरकारी बँकेत काढली. दामले म्हणाले, ‘तुम्हाला खुर्ची होती, अधिकार होते, पाठीशी युनियन होती. सेवा कुठे होती हो? पासबुक भरायला आलो की जेवणाच्या सुट्टीची पाटी!’ खरं आहे. त्या पाटीमागे मीही बसलोय आणि भरल्या रांगेसमोर चहा प्यायलोय. मग खुर्चीने आणि अधिकाराने काय साधलं? मी याचा बराच विचार केला. आमची गुर्मी खुर्चीतून आली नव्हती. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची वाट नव्हती, तिथून ती आली होती. नव्वदच्या दशकात नव्या खासगी बँका समोरच्या फुटपाथवर आल्या, तशी ती पाटी हळूहळू आत गेली. पण त्या वाईट दिवसांतही एक गोष्ट होती. आमच्या टेलरला, म्हणजे पैसे देणाऱ्या खिडकीवरच्या क्लार्कला, पासिंग पॉवर असे: ठरावीक रकमेपर्यंतचा चेक तो स्वतः पास करून तिथल्या तिथे पैसे देई, साहेबाच्या सहीसाठी कोणाला ताटकळावं लागत नसे. कुरकुरत द्यायचा, पण द्यायचा. मॉलमध्ये उलट झालंय. गिऱ्हाइकाला शंभर वाटा आहेत आणि काउंटरवरच्या माणसाला एकही नाही. सेवेला दोन्ही लागतात.

यावर दुकानवाले म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं झटकण्यासारखं नाही, की मुलांच्या हाती अधिकार दिला तर ओळखीपाळखीवर माल बदलून दिला जाईल, लबाडी होईल. सिस्टीम कठोर असली तरी सगळ्यांना सारखी असते. पेठेत भाव माणूस बघून सांगितला जातो, हे मीच वर कबूल केलंय. पण म्हणून तर पासिंग पॉवरला मर्यादा असते, नोंद असते, ऑडिट असतं. लाखोंची रोकड हाताळणाऱ्या क्लार्कवर बँकेने जो विश्वास टाकला, तो चार हजारांच्या बॅगेसाठी टाकता येत नाही? तीस दिवसांच्या आतला, बिल असलेला, उघड दोष असलेला माल काउंटरवरच बदला. शंका असेल तर मग मेल पाठवा. आणि ‘सगळ्यांना सारखी’ हेही पूर्ण खरं नाही. ग्रुपवरच्या एकाने त्याच दुकानाबद्दल इंग्रजीत पोस्ट टाकून कंपनीला टॅग केलं, तर दुसऱ्या दिवशी घरी माल बदलून आला. नऊवारीतल्या बाई कोणाला टॅग करणार? ओळखीचं राज्य गेलेलं नाही. ते काउंटरवरून उठून समाजमाध्यमावर जाऊन बसलंय.

माझ्या बॅगेचं उत्तर बाराव्या दिवशी आलं: विनंती मान्य करता येत नाही, वापरामुळे झालेलं नुकसान. मी परत दुकानात गेलो. तीच मुलगी होती. मेल वाचून तिचा चेहरा पडला, कारण दोष शिलाईचा आहे हे तिनेच नोंदवलं होतं. मॅनेजर आत असल्याची खात्री करून ती हळूच म्हणाली, ‘काका, तुम्ही लेखी तक्रार द्या, आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करा. आम्ही सांगितलेलं वर कोणी ऐकत नाही.’ ड्रॉवरमधून कोरा कागद काढून दिला, स्वतःचं पेन दिलं. बसायला अर्थातच काही नव्हतं. काउंटरवर वाकून मी पान भरलं, बिलाचा नंबर, तारखा, कायद्याचं कलम, सगळं. शेवटी आणखी एक ओळ लिहिली: कर्मचाऱ्यांसाठी काउंटरमागे स्टूल ठेवावं. ती कागद वाचत खाली आली आणि त्या ओळीवर थांबली. ‘एवढं खोडा ना, काका. मीच लिहायला लावलं म्हणतील.’

खोडलं.